ओपलच्या दारातला विनोद

गेल्या वर्षी मी एक वाक्य बोललो आणि माझी नात हॅटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. वाक्य साधंच होतं. चेटकीण झाडूवर का बसते, तर व्हॅक्यूम क्लीनरची वायर तेवढी लांब पुरत नाही म्हणून. पण हा विनोद हॅटीचा होता. साडेचार वर्षांची पोर समोरच्या ओपलच्या दारात उभी होती, तोंड उघडत नव्हती, मागे पोरांची रांग लागलेली, आणि मला ते बघवेना. म्हणून तिच्या वतीने मीच सांगून टाकला. ओपलने पिशवीत चॉकलेट टाकलं. हॅटीने घरी येऊन ते बाहेर काढलं आणि माझ्या बुटात ठेवलं.

आमच्या डे मॉइन शहरात हॅलोविनला पोरांना फुकट काही मिळत नाही. सोंग घेऊन दारात उभं राहून विनोद सांगायचा, घरवाल्याने हसायचं किंवा हसल्यासारखं करायचं, मग चॉकलेट. माझ्या आईने असेच विनोद सांगितले, मी सांगितले, माझ्या मुलीने, जनीनने सांगितले. आणि आमच्याकडे ही फेरी ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला नाही, आदल्या दिवशी तीसला निघते. संध्याकाळी सहा ते आठ. ज्याच्या दारावर दिवा लागलेला असेल त्याच्याकडे जायचं, अंधार असेल ते घर सोडायचं. सत्तर वर्षं मी तीस तारीख पाळली आहे. माझी लग्नाची तारीख एकदा चुकली होती, ही नाही.

यंदा त्या आठवड्यात जनीनला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात दुपारची पाळी होती आणि जावई मक्याच्या कापणीत ट्रक चालवत राज्याच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे दुपारपासून पोरं माझ्याकडे, म्हणजे मी त्यांच्या घरी. बून तीन वर्षांचा. हॅटी आता साडेपाचची, ऑगस्टपासून शाळेत जाऊ लागलेली. घरी तिच्या तोंडाला विश्रांती नसते. पण शाळेत अडीच महिन्यांत ती एक शब्दही बोलली नव्हती. बाईंनी नाव विचारलं तरी बुटांकडे बघायची. दुकानात तेच, चर्चमध्ये तेच. नोव्हेंबरात तिला कुणा जाणकार बाईंकडे न्या, असं शाळेने जनीनला कळवलं होतं. जनीनने ते पत्र मला दाखवलं आणि परत पर्समध्ये ठेवलं.

सोमवारी शाळेतून आल्या आल्या हॅटीने दप्तर टाकलं आणि मला खुर्चीत बसवलं.

"आजोबा, या वर्षी ओपल आजीला विनोद मी सांगणार."

"सांग की."

"तू सांगायचा नाहीस."

"नाही सांगणार."

"मी नाही बोलले तरी नाही. कितीही वेळ नाही बोलले तरी नाही."

"आणि तू तिथेच म्हातारी झालीस तर?"

"तरी नाही," ती म्हणाली. "शप्पथ घे."

मी शप्पथ घेतली. तिने ती पुन्हा घ्यायला लावली, कारण पहिल्यांदा मी हसलो होतो.

विनोदही तिने ठरवलेला होता. सांगाड्याला थंडी का वाजते? कारण वारा त्याच्यातून आरपार जातो. आमच्याकडचा वारा ज्याने अंगावर घेतलाय त्याला हा विनोद कमी आणि बातमी जास्त वाटेल, पण पोरांना आवडतो. त्या दिवशी झोपेपर्यंत ती तो सांगत हिंडत होती. मला, बूनला, मांजराला, बाथटबला.

जनीनने खोकंभर भंगार जमवून ठेवलं होतं. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या, दुधाचे रिकामे प्लॅस्टिकचे कॅन, लोकरीचे तुकडे, बटणं. "बाबा, टीव्ही लावून देऊ नका," एवढंच तिचं सांगणं. मी टायरच्या कारखान्यात अडतीस वर्षं भट्टीवर होतो. हात कामाला सरावलेले आहेत, पण इतकं बारीक काम त्यांनी कधी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही वटवाघळं केली. नळी काळ्या रंगात रंगवायची, सुकली की वरची कड एकदा पुढून आणि एकदा मागून बोटाने आत दाबायची. दोन बाजूंना दोन टोकं आपोआप उभी राहतात, तेच कान. काळ्या कागदाचे पंख मागे चिकटवायचे, बटणांचे डोळे. सोपं काम. बूनने नळीसोबत स्वतःचं कोपरही रंगवलं आणि हे पण वटवाघूळ आहे म्हणाला. त्या कोपराला त्याने रात्रीपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही.

मंगळवारी रस्ता ओलांडून ओपल आली. हातात अंड्यांचे रिकामे ट्रे.

ओपल माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. कारखान्यात ती तपासणीच्या टेबलावर होती. मी भट्टीतून काढलेला टायर तिच्यापुढून जायचा आणि खडूची एक फुली खाऊन माझ्याकडे परत यायचा. नवरा गेल्यावर ती या गल्लीत राहायला आली, पुढे जनीननेही इथेच घर घेतलं, आणि माझी तपासणी पुन्हा सुरू झाली.

"कोळी कर यांचे," ती म्हणाली. "एकेक वाटी कापायची, उलटी करायची, पाय लावायचे. जमेल?"

"जमेल."

तिने टेबलावरचं माझं वटवाघूळ उचललं, उलटं करून पाहिलं. "पंख वाकडे आहेत."

"उडत जाताना वळतंय ते."

"टायरबद्दल पण असंच म्हणायचास." तिने ते खाली ठेवलं. हॅटी माझ्या खुर्चीमागे गेली होती. ओपलने तिच्याकडे न बघता मलाच म्हटलं, "परवा माझ्याकडे विनोदाशिवाय काही मिळणार नाही. मी कुणाला सूट देत नाही. गेल्या वर्षी विनोद तू सांगितलास, चॉकलेट मी तुला दिलं होतं. तिने तुझ्या बुटात ठेवलं ते बरोबर केलं."

ओपल गेल्यावर हॅटी खुर्चीमागून बाहेर येऊन म्हणाली, "तिला कसं कळलं बुटाचं?"

"मीच सांगितलं."

"सगळंच कसं सांगतोस तू?"

बुधवारी काय झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. डब्याच्या खाकी कागदी पिशव्या सापडल्या. ती पिशवी दुमडलेली असते तशीच ठेवली की तळाची घडी पुढे येते. आत हात घालून बोटं हलवली की ती घडी तोंडासारखी उघडते आणि मिटते. मी मैद्याची खळ शिजवली, लोकर कापली आणि म्हटलं, चला, भुतं करू.

बूनने कोंबडी केली. म्हणजे पिशवीला एक पीस चिकटवलं. त्याचा विनोदही तयार होता. "कोंबडी," तो म्हणायचा आणि हसून हसून खाली बसायचा.

"कोंबडीचं काय?" मी विचारलं.

"कोंबडी."

हॅटीने भूत केलं नाही. तिने नारिंगी लोकरीचा मोठा अंबाडा घातला, एक डोळा मोठ्या कोटाचं बटण आणि एक बाहीचं, आणि तोंडाला लाल रंग. ही कोण, विचारलं तर म्हणाली, भोपळ्याची आई. भोपळ्याला आई असते हे मला ठाऊक नव्हतं. तिने पिशवीत हात घातला, घडी उघडली, आणि आतून जो आवाज आला तो हॅटीचा नव्हता. जाडा, घोगरा, साठीच्या बाईचा.

"वर्ल," ती पिशवी मला नावाने म्हणाली, "पायातले बूट काढ. घर आहे का गोठा?"

मी बूट काढले. बूनने पण काढले.

"आणि टेबल पूस. खळ सांडलीय तुझ्याकडून."

तासभर त्या बाईने आम्हा दोघांना कामाला लावलं. साडेचार वाजता टपालवाली आली, दारात पाकीट द्यायला थांबली. हॅटी दाराच्या फटीतून बघत होती. तिने पिशवी फटीतून बाहेर काढली.

"उशीर झाला आज," भोपळ्याची आई म्हणाली.

टपालवाली दचकली, मग गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "माफ करा हं बाई, आज ओझं फार होतं."

"बरं. जा आता."

दार लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला आणि बंद केला. चार वर्षं ती बाई या घरी टपाल टाकते, आणि हॅटीने तिच्याशी बोलण्याची ही पहिली वेळ होती.

हॅटी मागून आली. "आजोबा, उद्या विनोद ही सांगणार."

"पण तू सांगायचं ठरलंय ना?"

"माझाच हात आहे आत," ती म्हणाली. मला पटलं.

त्या संध्याकाळी जनीनला मी फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ती पिशवी जपून ठेवा."

आता गुरुवार, तीस तारीख. सकाळपासून आभाळ भरलेलं. मी दुपारी पोचलो तेव्हा जनीन कामावर निघून गेली होती, बूनजवळ शेजारची मुलगी बसलेली, तिला जायची घाई. फ्रिजच्या दारावर बूनने सकाळपासून वटवाघळं चिकटवली होती, एकावर एक, सात-आठ. मी शाबासकी दिली. आणखी एक हवं म्हणाला, तर मी त्याला उचलून धरलं, आणि त्याने ते मधोमध चिकटवलं. हॅटी शाळेतून आली ती एकटक घड्याळाकडे बघत. साडेपाचला पाऊस सुरू झाला. सहाला तो आडवा झाला.

मी बाहेर डोकावलो. गल्लीत एकाही दारावर दिवा नव्हता.

"माणसं आळशी झालीत," मी म्हणालो. "आमच्या वेळी बर्फात जायचो."

एक मोठी छत्री घेतली, बूनला काखेत मारलं, हॅटी माझ्या कोटाला धरून. तिने पिशवी हातात चढवलेलीच होती, मी सांगितलं म्हणून कोटाच्या आत धरली. रस्ता ओलांडायला अर्धं मिनिट लागतं, पण त्या वाऱ्याने छत्री एकदा उलटी केली आणि ती सुलटी करेपर्यंत आम्ही तिघं नळाखाली धरल्यासारखे झालो. ओपलच्या घरालाही अंधार. मी दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.

ओपलने आतला दिवा लावून दार उघडलं. अंगात झोपायचा झगा, केसांत कुरळे करायचे रोलर.

"वर्ल," ती म्हणाली, "तुझ्या डोक्यात काय आहे?"

"तीस तारीख आहे."

"तीस तारीख आहे, आणि वादळ आहे. शहराने फेरी उद्यावर ढकलली. सकाळपासून सगळीकडे तेच सांगतायत. जनीनने सांगितलं नाही तुला?"

सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. चिठ्ठी लिहून फ्रिजवर लावली होती. तिच्यावर आता नऊ वटवाघळं होती, त्यातलं शेवटचं माझ्या मदतीने लागलेलं.

ओपलने खाली पाहिलं. हॅटीने कोटातून हात बाहेर काढला होता. भोपळ्याची आई पायरीवर, दिव्याच्या उजेडात. ओपलने झगा सारखा केला आणि ती सरळ उभी राहिली. टपालवालीची गोष्ट तिला मीच सांगितली होती. सगळंच सांगतो मी.

"बरं," ती म्हणाली. "बोला बाई. ऐकतेय मी."

घडी उघडली. आणि उघडतच गेली. भिजलेला कागद, कच्ची खळ. भोपळ्याच्या आईचा खालचा जबडा सुटून पायरीवर पडला, त्यामागून बाहीचं बटण. हॅटीची बोटं आतून दिसायला लागली, पाच, लहान, ओली.

"कोंबडी," बून काखेतून म्हणाला. कुणी हसलं नाही.

"आत या," ओपल म्हणाली. "पुसून घ्या. आत बसून सांग, पोरी, मी ऐकते." पण हॅटीने वाकून जबडा उचलला, बटण उचललं, दोन्ही कोटाच्या खिशात घातलं आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

घरी आलो. कपडे बदलले, सूप गरम केलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. मी पिशवीचे तुकडे ताटात मांडले आणि म्हणालो, "काळजी करू नको. सुकवू आणि जोडू. अडतीस वर्षं मी रबर भाजलंय, एक कागद मला सुकवता येणार नाही?"

ओव्हन अगदी मंद लावला, म्हणजे भट्टीच्या मानाने मंद. बेकिंगच्या ट्रेवर तुकडे पसरले, दार किंचित उघडं ठेवलं, अगदी बरोबर. मग पोरांना आंघोळ घालायला वर गेलो. बूनने पाण्यात काहीतरी बुडवलं, ते शोधण्यात वेळ गेला. ते माझं पाकीट होतं. कारखान्यात प्रत्येक भट्टीला घंटा असायची, वेळ झाली की वाजायची. इथेही घंटा वाजली, पण ती छताला लावलेली, धूर झाला की वाजणारी.

खाली आलो तेव्हा लोकर आधीच गेलेली होती. कागदाचं जे उरलं होतं ते हात लावताच चुरा झालं. कोटाचं बटण वितळून ट्रेला चिकटलं होतं. मी टॉवेलने घंटेला वारा घालत होतो, बून टाळ्या वाजवत होता. हॅटी जिन्याच्या खालच्या पायरीवर टॉवेलात उभी.

"आजोबा, ती काळी झाली."

"हो."

"तू तिला भाजलंस."

"मी भाजलं," मी म्हणालो. "चूक झाली माझी. आज दोन झाल्या. उद्या आपण नवी करू, याहून चांगली."

तिने विचार केला. "दुसरी आई नको," ती म्हणाली. आणि वर झोपायला गेली.

ओपल असती तर तिने माझ्यावर खडूची फुली मारली असती. जनीनने आल्यावर ट्रे पाहिला, फ्रिज पाहिला, एकेक वटवाघूळ काढून चिठ्ठी काढली आणि माझ्या हातात दिली. मी वाचली. तीत सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं. खाली रेघ मारून "बाबा, नक्की वाचा" असंही.

"ती उद्या जाणार नाही म्हणाली तर जबरदस्ती करू नका," जनीन म्हणाली. "यंदा नाही तर पुढच्या वर्षी."

"ती जाणार नाही असं म्हणालेली नाही."

"बाबा, ती काहीच म्हणत नाही, हीच तर अडचण आहे."

शुक्रवारी पाऊस गेला आणि उत्तरेकडून वारा आला. गल्लीतल्या मेपलची सगळी पानं रात्रीत खाली. शाळेतून आल्यावर हॅटीने जुना काळा स्वेटर शोधून अंगात घातला, पांढऱ्या चिकटपट्टीचं रीळ माझ्या हातात दिलं आणि टेबलावर आडवी झाली.

"हाडं लाव."

"तू सांगाडा होणार?"

"मग काय कोंबडी?"

मी हाडं लावली. मधोमध कणा, दोन्ही हातांना लांब पट्ट्या, मग फासळ्या. एका बाजूला सात झाल्या, दुसरीकडे पाचच मावल्या. आरशात बघून ती म्हणाली की एका बाजूने तिला जास्त वारा लागेल. भोपळ्याच्या आईचं नाव तिने काढलं नाही. मी पण नाही काढलं. उरलेल्या वेळात आम्ही अंगणातली मोठी पानं आणून पांढरी रंगवली, देठ वर धरून, प्रत्येकाला दोन काळे डोळे. दोऱ्याने व्हरांड्यात टांगली. भुतं चांगली झाली, फक्त बूनने त्याच्या भुतांना सहा-सहा डोळे काढले.

पावणेसहाला जनीनचा इस्पितळातून फोन आला.

"बाबा, बाहेर शून्याच्या खाली जातंय. कोट घालूनच पाठवा."

"सांगाड्यावर कोट? मग दिसणार काय?"

"मला माहीत नाही. कोट."

हॅटीने फोन ओढून घेतला आणि पाच मिनिटं भांडली. माझ्याच लहानपणापासून हे भांडण या गावात दर वर्षी प्रत्येक घरात होतं आणि आजवर एकही पोर ते जिंकलेलं नाही. आम्ही निघालो तेव्हा तिने गळ्यापर्यंत बटणं लावलेला जांभळा कोट घातला होता, आणि तिच्यात सांगाड्यासारखं फक्त तोंड होतं, तेही रागाने.

गल्ली दिव्यांनी भरलेली. आमच्या पायऱ्यांवर दुधाच्या कॅनचे कंदील, मागून भोक पाडून आत बॅटरीचा लहान दिवा सोडलेला. ओपल दारात खुर्ची टाकून बसली होती, गुडघ्यांवर गोधडी, मांडीवर परात. पुढे पाच-सहा पोरं. एकाचा विनोद झाला, ती हसली नाही, पण चॉकलेट दिलं. एकाला परत पाठवलं. "हा मी मघाशी तुझ्या भावाकडून ऐकला. दुसरा घेऊन ये."

आमची पाळी आली. बून आधी.

"कोंबडी," बून म्हणाला.

"कोंबडीचं काय?"

"कोंबडी." आणि तो खाली बसला.

ओपलने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "यात काही दोष सापडत नाही मला," ती म्हणाली आणि दोन चॉकलेटं टाकली.

हॅटी पुढे झाली. मी दोन पावलं मागे, बूनला कडेवर घेऊन. ओपलने हात परातीवर ठेवले आणि वाट बघायला लागली.

हॅटी तिच्या स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

मागे रांग वाढली. एक डायनासोर, दोन राजकन्या, एक अग्निशामक, सगळे कोट घातलेले. फुटपाथवर त्यांचे आईबाप हातात कॉफी घेऊन. डायनासोर म्हणाला, "ही बोलत नाही. माझ्या वर्गात आहे ही, तिथे पण बोलत नाही." त्याच्या आईने त्याला मागे ओढलं.

सांगाड्याला थंडी का वाजते. माझ्या जिभेच्या टोकावर होतं ते. एवढंच म्हटलं असतं तर पुढचं तिने सांगितलं असतं कदाचित. अर्धं वाक्य म्हणजे काही पूर्ण वाक्य नव्हे. ओपलने माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि ती नजर मी कारखान्यापासून ओळखतो. मी तोंड बूनच्या टोपीत खुपसलं.

"मला घाई नाही," ओपल म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "माझ्या गुडघ्यावर गोधडी आहे."

वारा आला. पायरीवरची पानं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. राजकन्या नाक ओढायला लागल्या. मागे कुणी तरी घड्याळ पाहिलं असेल. मी पाहिलं नाही.

"सांगाड्याला," कुणीतरी म्हणालं.

इतकं हळू की मला वाटलं मीच बोललो. पण माझं तोंड टोपीत होतं.

"हं," ओपल म्हणाली. ती पुढे वाकली नाही, आवाज गोड केला नाही. "सांगाड्याला काय?"

"सांगाड्याला थंडी का वाजत नाही?"

चुकली, मला वाटलं. वाजते, वाजत नाही नव्हे. आता पुढचं उत्तर बसणार नाही. मी डोळे मिटले.

"का वाजत नाही?" ओपल म्हणाली.

हॅटीने मान वर केली. कोटाचं वरचं बटण सोडलं, दुसरं सोडलं, आणि दोन्ही हातांनी कोट फाकवून दाखवला. आत माझ्या सात आणि पाच फासळ्या.

"कारण त्याच्या आईने कोट घालायला लावला."

फुटपाथवरच्या आया हसल्या, सगळ्या एकदम, कॉफी सांडेपर्यंत. अग्निशामक ओरडला, "मला पण लावला," आणि त्याने कोट उघडून दाखवला. ओपल हसली तेव्हा परात मांडीवरून घसरली आणि चॉकलेटं पायरीवर सांडली. तिला इतकं हसताना मी कारखान्यात एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा माझा टायर गडगडत साहेबाच्या गाडीवर गेला होता.

"हा कुठे ऐकलास?" तिने डोळे पुसत विचारलं.

"कुठे नाही," हॅटी म्हणाली. आवाज अजून हळूच होता, पण तिचा होता. "आत्ता झाला."

"फासळ्या कुणी लावल्या?"

"आजोबांनी."

"वाटलंच. एका बाजूला कमी आहेत." ओपलने वाकून एक चॉकलेट उचललं आणि तिच्या हातावर ठेवलं. पिशवीत नाही, हातावर. "पुढच्या घरी जा. रांग अडवू नको."

आम्ही पुढच्या घरी गेलो. तिथे तिने विनोद सांगितला, आणि घरवाला हसल्यावर त्याला सांगितलं की आई इस्पितळात काम करते, आजारी नाहीये, सूप करते, आणि तिने फोनवरून कोट घालायला लावला. तिसऱ्या घरी ओव्हनची हकिगत आली. चौथ्या घरी मी कसा रस्ता ओलांडताना छत्री उलटी केली ते. माझी बाजू कुणी विचारली नाही. बाकीची पोरं आम्हाला ओलांडून पळत होती, पिशव्या फुगलेल्या. डायनासोर दोनदा आमच्याजवळून गेला, दुसऱ्या वेळी थांबून म्हणाला, "तू बोलतेस?" ती म्हणाली, "थांब, आधी यांना सांगून होऊ दे."

आठ वाजले तेव्हा ओपलच्या बाजूचीही सगळी घरं झाली नव्हती. एकेक दिवा मालवत गेला. बून माझ्या खांद्यावर झोपलेला, माझ्या पायांची बोटं मला सापडत नव्हती, आणि हॅटी सातव्या घराच्या बाईंना फासळ्यांचा हिशेब समजावत होती.

जनीन साडेआठला आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात. काय झालं ते तिने मला नजरेने विचारलं. मी हॅटीकडे बोट दाखवलं. या वेळी काहीच सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं.

जनीनने टेबलावरची हॅटीची पिशवी उलटी केली. सात घरं, सात चॉकलेटं, त्यातलंही एक खाऊन झालेलं, कागद उरला होता.

"एवढीच?" ती म्हणाली. "दोन तास होतात गं. शेजारच्या पोराने बादली भरून आणली. तुम्ही करत काय होता?"

हॅटीच्या तोंडात चॉकलेट होतं. तिने ते आधी गिळलं.

"मी बोलत होते ना."